चाल कोणाची?

'सांग सांग भोलानाथ' हे गाणं येत नाही असं मराठी घरातलं मूल शोधूनच काढावं लागेल. शब्द मंगेश पाडगावकरांचे, हे बऱ्याच पालकांना सांगता येतं. पाडगावकर त्यांना शाळेच्या पुस्तकात भेटलेले असतात. चाल कोणाची, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. चाल मीना खडीकरांची. गदिमांच्या 'चॉकलेटच्या बंगल्या'लाही चाल त्यांनीच लावली आहे. ज्या वयात उजवी चप्पल कुठली आणि डावी कुठली हेही नीट कळत नाही, त्या वयात मराठी मुलाच्या कानात एका स्त्री संगीतकाराचं काम पक्कं बसलेलं असतं. पुढे ते मूल संगीत शिकायला जातं, थोरामोठ्यांची नावं पाठ करतं, आणि त्या यादीत हे नाव कधीच येत नाही.

मी संभाजीनगरात लहान मुलांना पियानो शिकवते. पियानो म्हणायचं एवढंच. बहुतेकांच्या घरी असतो तो कीबोर्ड, आणि कंपनी कुठलीही असो, मुलं त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. दोन-तीन वर्षांत त्यांतली काही लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांना बसतात आणि बाख, मोझार्ट, बेथोव्हन ही नावं घरच्या माणसांसारखी घेऊ लागतात. त्यांच्याच सोसायटीतली दुसरी मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेची तयारी करतात. त्यांच्या तोंडी तानसेन, सदारंग, अदारंग, पलुस्कर, भातखंडे. दोन्हीकडे मुली मुलग्यांपेक्षा कमी नसतात, बऱ्याचदा जास्तच असतात. तरीही संगीत रचणारं माणूस कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा म्हटलं, की दोन्हीकडच्या मुलामुलींना पुरुषच दिसतो. मुलींनाही. मला ही गोष्ट फार लागते, कारण दहाव्या वर्षी मनात बसलेली आकृती पुढे सहजासहजी हलत नाही. गाणारी बाई त्यांना माहीत आहे, वाजवणारी माहीत आहे, शिकवणारी तर समोरच बसलेली आहे. रचणारी तेवढी माहीत नाही.

यावर एक उपाय मी वर्गात करत आले आहे. मुलांच्या हातात रंगीत खडू द्यायचे, समोर कागद ठेवायचा आणि स्त्री संगीतकारांच्या रचना ऐकवायच्या. उपाय साधा आहे, पण त्यात दोन-तीन खाचखळगे आहेत आणि त्यांच्यावरच मला जास्त बोलायचं आहे.

आधी हात कशाला गुंतवायचा, ते. सात-आठ वर्षांच्या मुलाला 'गप्प बसून ऐक' असं सांगणं म्हणजे त्याची सगळी शक्ती गप्प बसण्यात खर्च करायला लावणं. ऐकायला काही उरतच नाही. आपल्या बैठकीतला श्रोता तरी कुठे हातावर हात ठेवून बसतो? तो मांडीवर ताल धरतो, समेला मान हलवतो, बोटांवर मात्रा मोजतो. जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस जणांना टेलिफोनवरचा एक अगदी कंटाळवाणा निरोप ऐकवला. त्यांतल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावर छापलेले आकार पेन्सिलीने भरायला सांगितलं. आकार भरणाऱ्यांना निरोपातला तपशील २९ टक्के जास्त आठवला. ती माणसं मोठी होती आणि ऐकत होती ते संगीत नव्हतं, तेव्हा या प्रयोगावर फार मोठा इमला उभा करू नये. पण वर्गात रोज दिसतं ते याच्याशी जुळतं. हात चालू असला की मन भरकटत नाही. तीन मिनिटांची रचना मुलं तीनदा ऐकतात आणि चौथ्यांदा लावा म्हणतात.

पियानोच्या मुलांसाठी मी सुरुवात फॅनी मेंडेल्सनपासून करते. ती मोठी संगीतकार आहे हे तर आहेच, पण तिच्या बाबतीत रंग बाहेरून आणावे लागत नाहीत. १८४१ मध्ये बर्लिनला तिने पियानोसाठी बारा महिन्यांच्या बारा रचना आणि एक उपसंहार लिहिला. 'दास यार', म्हणजे 'वर्ष', हे त्या मालिकेचं नाव. नंतर तिने तिची सुवाच्य प्रत केली ती वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर, आणि तिचा नवरा विल्हेल्म हेन्झेल हा चित्रकार असल्यामुळे प्रत्येक महिन्याच्या माथ्यावर त्याने एक चित्र काढलं. सूर, रंग आणि रेषा एकाच पानावर, तेही रचनाकाराच्या स्वतःच्या इच्छेने. ही मालिका छापली गेली १९८९ मध्ये. फॅनीला जाऊन तोवर १४२ वर्षं झाली होती.

तिची हकीकत मुलांना सांगावी की नाही, यावर मी बराच विचार केला आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या फॅनीला वडिलांनी पत्रातून कळवलं, की फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र ते अलंकार म्हणूनच राहील. फेलिक्स तिचा धाकटा भाऊ. दोघांना गुरू तेच, घर तेच, पियानो तोच. फेलिक्सने आपल्या नावावर छापलेल्या दोन गीतसंग्रहांत तिची सहा गाणी आहेत. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलं आपल्या आवडीचं गाणं फेलिक्ससमोर गाऊन दाखवलं, तेव्हा हे बहिणीचं आहे असं त्याला कबूल करावं लागलं. फॅनीने स्वतःच्या नावाने संगीत छापायला सुरुवात केली ती चाळिसाव्या वर्षी, १८४६ मध्ये. पुढच्या वर्षी मे महिन्यात, घरच्या रविवारच्या मैफलीची तालीम चालू असताना ती कोसळली आणि गेली. मागे साडेचारशेहून अधिक रचना राहिल्या.

एक गोष्ट तर याहून विलक्षण. १८२८ मध्ये तिने एक सोनाटा लिहिला होता, ईस्टरचा. त्याचं हस्तलिखित १९७० मध्ये पॅरिसच्या एका पुस्तकाच्या दुकानात सापडलं. वर नाव होतं 'एफ. मेंडेल्सन'. एफ म्हणजे फेलिक्स, असं सगळ्यांनी धरून चाललं. २०१० मध्ये एका अमेरिकन अभ्यासक बाईने पानांचे क्रमांक ताडून पाहिले आणि ही पानं फॅनीच्या वहीतून निघालेली आहेत हे दाखवून दिलं. ८ मार्च २०१७ ला लंडनमध्ये तो सोनाटा फॅनीच्या नावाने वाजला. चाळीस वर्षं एका आद्याक्षरावर हक्क भावाचा राहिला होता.

हे सगळं मी मुलांना सांगते, पण आधी नाही. आधी ऐकणं. हा माझ्या पद्धतीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. 'आज आपण एका स्त्री संगीतकाराचं ऐकणार आहोत, तिच्यावर फार अन्याय झाला' अशी सुरुवात केली, की मुलं अन्याय ऐकतात. संगीत त्याच्या मागे कुठेतरी वाजत राहतं. म्हणून पहिल्या खेपेला नाव नाही, गाव नाही, महिना नाही. 'सप्टेंबर' लावायचा. त्यात उजव्या हाताचे स्वर सारखे धावत असतात आणि त्यांच्या खालून एक संथ, उदास चाल जात असते. मुलांना एवढंच सांगायचं, की जो रंग घ्यावासा वाटेल तो घ्या आणि संगीत थांबेपर्यंत हात थांबवू नका. एकदा एका मुलीने निळ्या बारीक रेघांनी पान भरलं आणि त्यांच्याखाली तपकिरी जाड पट्टा ओढला. हे काय, विचारल्यावर म्हणाली, पैठणचा घाट. वरून पाणी चाललंय आणि खाली पायऱ्या हलत नाहीत. फॅनीने त्या रचनेला नाव दिलं आहे 'नदीकाठी'. ते मी त्यानंतर सांगितलं. मग हे लिहिणारी कोण, ते मुलांनीच विचारलं. विचारल्यावर सांगितलेलं नाव राहतं.

दुसरी एमी बीच. अमेरिकेतली, १८६७ ची. तिला प्रत्येक स्वरपट्टीचा रंग दिसे: 'सी' पांढरी, 'ई' पिवळी, 'जी' तांबडी, 'ए' हिरवी, 'ए फ्लॅट' निळी. लहानपणी आईला ती रंगाचं नाव सांगून सूर वाजवायला लावायची. चार वर्षांची असताना आजोबांच्या शेतावर, जिथे पियानो नव्हता तिथे, तिने डोक्यातल्या डोक्यात वॉल्ट्झ रचले आणि घरी परत आल्यावर आईला वाजवून दाखवले. अठराव्या वर्षी लग्न झालं. नवरा डॉक्टर, बायकोने लोकांपुढे फारसं वाजवू नये आणि मास्तरही लावू नये, असं त्याचं मत. रचना मात्र कर, म्हणाला. मग तिने पुस्तकं आणून स्वतःच स्वतःला शिकवलं. १८९६ मध्ये बॉस्टन सिंफनीने तिची सिंफनी वाजवली. अमेरिकन स्त्रीने लिहिलेली सिंफनी लोकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तिने मुलांसाठी सोपे तुकडे लिहिले आहेत, 'चिल्ड्रन्स कार्निव्हल' आणि 'चिल्ड्रन्स आल्बम', दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला बोटांखाली बसतील असे. मुलांना तिची रंगांची यादी मी दाखवते आणि मग आपापली यादी करायला सांगते. कुणाचीच कुणाशी जुळत नाही. 'सी'ला पांढरं म्हणणारं मूल मला अजून भेटलेलं नाही. कीबोर्डवर ती पट्टी पांढरीच असते, तेव्हा बहुतेकांना ती पांढरी दिसेल असं मला वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

क्लारा शूमन, सेसिल शामिनाद, सोफिया गुबायदुलिना यांनाही वर्गात जागा आहे. गुबायदुलिनाची मुलांसाठी लिहिलेली 'म्युझिकल टॉइज' ही १९६९ ची मालिका तर प्रत्येक पियानो शिक्षकाने जवळ ठेवावी. पण त्यांच्याबद्दल लिहीत बसले तर मला खरं जे म्हणायचं आहे ते राहून जाईल.

म्हणायचं आहे ते चित्राबद्दल. अशा उपक्रमासाठी तयार कागद मिळतात: वर संगीतकार बाईचा चेहरा बाह्यरेषेत, खाली नाव आणि जन्मसाल. मूल चेहरा रंगवतं, केस काळे करतं, ओठ लाल करतं, झग्यावर फुलं काढतं. सुंदर दिसतं, भिंतीवर लागतं. मला हे पुरेसं वाटत नाही आणि काही वेळा उलट वाटतं. याचं कारण आपल्याच दख्खनच्या चित्रकलेत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून दख्खनमध्ये रागमाला रंगल्या. ऐकलेल्याचं चित्र करायचं ही कल्पना जगात फार थोड्या ठिकाणी इतकी खोल गेली असेल. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. भैरवी म्हणजे शिवलिंगाची पूजा करणारी स्त्री. ककुभा म्हणजे मोरांमध्ये एकटी उभी असलेली. रागमालेचं पान उलटावं तिथे स्त्री आहे, आणि तरीही ते राग बांधणारी, बंदिश रचणारी अशी एकही स्त्री त्यात नावाने नाही. ती चित्राचा विषय आहे. बंदिशींतही तेच: सासू-नणंदेच्या धाकात असलेली, पियाची वाट पाहणारी स्त्री बोलते आणि शेवटी मुद्रा येते ती सदारंगाची. या बंदिशी मला प्राणप्रिय आहेत, त्यांतलं एक अक्षरही कमी करावं असं मला वाटत नाही. पण मुलांच्या हाती फॅनीचा नुसता देखणा चेहरा रंगवायला दिला, तर आपण तिची पुन्हा एक रागिणी करून ठेवतो. पाहण्याची वस्तू.

म्हणून रंगवायचं ते काम. तिच्या लिहिण्याच्या टेबलाची बाह्यरेषा द्यावी, पानावरचे पाच रेघांचे पट्टे द्यावेत, रविवारच्या मैफलीचं दालन द्यावं. आणि बहुतेक वेळा काहीच देऊ नये, कोरा कागद द्यावा. कोऱ्या कागदावर मुलाला ऐकावंच लागतं. चित्र आधीपासून छापलेलं नसलं की हाताने कुठे जायचं हे फक्त कान सांगू शकतो.

आता आपल्या गावाकडे येते, कारण बर्लिन आणि बॉस्टनपाशीच थांबलं तर मुलांना वाटेल की रचणाऱ्या बायका तिकडेच झाल्या. विद्यापीठ आणि बीबी का मकबरा यांच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या मानाने तिकडे कुणी फिरकत नाही. सातव्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक शिल्पपट आहे, सहाव्या-सातव्या शतकातला. मधोमध नाचणारी स्त्री, भोवती साथीला बसलेल्या वादक. बासरी आहे, तालवाद्य आहे, टाळ आहेत, आणि सगळ्या वादक स्त्रियाच आहेत. त्या काय वाजवत होत्या आणि ते कुणी बांधलं होतं, दगडात ते उतरलेलं नाही. पण ज्या शहरात मुलं राहतात त्याच शहराच्या डोंगरात बायकांचा एक अख्खा वाद्यवृंद चौदा शतकं बसलेला आहे, हे त्यांना ठाऊक असायला हवं. त्या शिल्पाची रेखाटनं मुलांकडून तिथेच करून घ्यावीत आणि वर्गात आणून रंगवावीत.

याच शहरात १७६८ मध्ये मह लका बाई चंदाचा जन्म झाला. पुढे ती हैदराबादच्या निजामी दरबारात नावारूपाला आली. खयाल, टप्पा, ठुमरी गाणारी, स्वतःच्या गझला रचून त्या मैफलीत गाणारी. १७९९ मध्ये तिने आपल्या दिवाणाची हस्तलिखित प्रत जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याला भेट दिली, ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १८२४ मध्ये ती गेली. हैदराबादला मौला अलीच्या डोंगरापाशी तिची कबर आहे. उर्दू गझलेचा एक मोठा उगम वली औरंगाबादीच्या नावाने या शहराशी जोडलेला आहे आणि ते इथे सगळ्यांना माहीत असतं. वलीइतकंच तिचंही नाव इथल्या मुलांना माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

वैजापूर तालुक्यात शिऊर आहे. संत बहिणाबाईंचं शिऊर. १६२८ मध्ये कन्नडजवळच्या देवगाव रंगारीला त्यांचा जन्म, लहानपणीच लग्न, आणि तुकोबांना गुरू मानल्यावरून घरात सोसलेला मार. तो सगळा वृत्तांत त्यांनी स्वतःच्या अभंगांत स्वतः सांगून ठेवला आहे. परभणीकडे गंगाखेड आहे, ते जनाबाईंचं गाव. आता कुणी म्हणेल, या कवयित्री झाल्या, यांना संगीतकार कसं म्हणायचं? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अभंग आणि ओवी कागदावर वाचण्यासाठी जन्मले नाहीत. ते गाण्यातच सुचले, गात गातच पुढे गेले. पण ज्या दिवशी आपण शब्दांना वही दिली आणि चालीला दिली नाही, त्या दिवसापासून रचणारीचं अर्धं काम पुसलं गेलं. शब्द जनाबाईच्या नावावर राहिले, चाल 'पारंपरिक' झाली. पारंपरिक असं जिथे जिथे लिहिलेलं दिसतं, तिथे किती बायका उभ्या असतील याचा मी नेहमी विचार करते.

जात्यावरच्या ओव्यांत ते स्वच्छ दिसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून काम उभं करून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि नंतर 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने त्या ध्वनिमुद्रणांसह लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्या संग्रहाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की तिथे गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यात आहेत. या ओव्या ऐकताना मुलांना मी जात्याचं गोल चित्र देते आणि एका फेऱ्याला एक रंग भरायला सांगते. ओवीचा चरण जात्याच्या फेऱ्यावर बसलेला आहे हे समजावून सांगावं लागत नाही, हातालाच कळतं. आणि माझ्या मनात येतं, की हात गुंतवून ऐकण्याची ही जी युक्ती मी मुलांसाठी वापरते, तिच्या कितीतरी आधी या बायका हात गुंतवून रचतच होत्या. रिकामे हात त्यांच्या वाट्याला आले नाहीत. गाणं आलं ते दळताना आलं.

जवळच्या काळात आलं तर मराठीत कमतरता नाहीच. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांचा संगीतकार 'आनंदघन'. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे सगळ्यांसमोर आलं. गायिका म्हणून जिचं नाव जगाला पाठ होतं, तिने संगीतकार म्हणून दुसरं नाव घ्यावं, ही गोष्ट मुलांना सांगितली की ती लगेच विचारतात, का? मी उत्तर देत नाही, त्यांनाच बोलू देते. आधीच्या पिढीत मुंबईच्या खुर्शीद होमजी या पारशी मुलीने 'सरस्वती देवी' हे नाव घेऊन बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांना संगीत दिलं. १९३६ ची 'अछूत कन्या' तिचीच. तिलाही नाव बदलावं लागलं होतं, समाजाच्या विरोधामुळे.

आणि प्रभा अत्रे. मारू बिहागातली 'जागूँ मैं सारी रैना' आणि कलावतीतली 'तन मन धन' या बंदिशी त्यांनी स्वतः बांधल्या, गायल्या, आणि आज त्या घराण्याघराण्यांत गायल्या जातात. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे राग त्यांनी उभे केले आणि आपल्या बंदिशी 'स्वरांगिणी'सारख्या पुस्तकांत स्वरलिपीसह छापून ठेवल्या. चालीला वही मिळाली ती अशी. अश्विनी भिडे-देशपांडे यांची 'रागरचनांजली' त्याच वाटेवरची. मात्र मुलांसमोर ठेवायला मला सगळ्यात आवडतं ते 'अवघा रंग एक झाला'. शब्द चौदाव्या शतकातल्या सोयराबाईंचे, मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या पत्नीचे. चाल किशोरी आमोणकरांची. सहाशे वर्षांच्या अंतरावर दोन रचणाऱ्या बायका एका गाण्यात भेटतात. ते ऐकताना मी मुलांना विषय देत नाही. खडूंचा डबा मधे ठेवते. बहुतेक मुलं शेवटी शेवटी रंगावर रंग चढवायला लागतात, कागद चिकट होईपर्यंत.

काही पालक आणि काही शिक्षकही म्हणतात, संगीताला कुठे स्त्री-पुरुष असतं? चांगलं ते चांगलं. मला ते पटतं, म्हणूनच प्रश्न पडतो. संगीतात तसा भेद नसेल तर याद्या एकाच बाजूच्या कशा झाल्या? २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका शाळकरी मुलीच्या लक्षात आलं, की तिच्या परीक्षा मंडळाच्या संगीताच्या अभ्यासक्रमात ६३ संगीतकार नेमले आहेत आणि त्यांत एकही स्त्री नाही. तिने मंडळाला लिहिलं, लोकांच्या सह्या गोळा केल्या, आणि त्याच वर्षी मंडळाने यादी बदलायचं मान्य केलं. त्या याद्या करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनाही शाळेत कुणी ऐकवलं नव्हतं. बाखच्या जागी फॅनी शिकवा असं मी म्हणतच नाही. बाखशिवाय पियानोचा हात बसत नाही आणि फॅनीने स्वतः तेराव्या वर्षी बाखचे चोवीस प्रिल्यूड वडिलांसाठी पाठ केले होते. शेजारी बसवा, एवढंच. आणि ८ मार्चची वाट बघू नका. वर्षातून एक दिवस ऐकवलेली गोष्ट सणासारखी येते आणि जाते.

गॅदरिंगचं निवेदन करणाऱ्यांना एक विनंती आहे. गायक सांगता, गीतकार सांगता, मूळ चित्रपट सांगता; संगीतकारही सांगा. सगळ्यांची नावं सांगा, पुरुषांचीही. नाव घ्यायची सवय एकदा लागली की बायकांची नावं त्यात आपोआप येतील.

आमच्याकडे या वर्षी आखणी अशी आहे. जूनपासून दर महिन्याला फॅनीच्या 'वर्षा'तला तो तो महिना ऐकायचा, आणि त्याच्या जोडीला एक रचना आपल्याकडची. आषाढीच्या सुमाराला सोयराबाई आणि किशोरीताई. श्रावणात ओव्या. डिसेंबरमध्ये फॅनीने नाताळचं भजन गुंफलं आहे, त्याच्याबरोबर आनंदघन. थंडीत एका रविवारी सातव्या लेण्यात जायचं आणि फेब्रुवारीत शिऊरला. शेवटी मे महिन्यात मुलांनी स्वतः चाल बांधायची. कीबोर्डवरच्या फक्त पाच काळ्या पट्ट्या घेतल्या की भूप मिळतो, चुकीचा स्वर लागायची भीती राहत नाही. पहिल्या वर्षाचं मूलसुद्धा आठ मात्रांची चाल करू शकतं. ती चाल वहीत लिहायची, शेजारी रंगवायची, खाली नाव आणि तारीख घालायची. नाव पूर्ण लिहायचं, नुसतं आद्याक्षर चालणार नाही.